काटा शून्यावर आला म्हणजे क्यू-बायस लागला असं नाही

1176 या स्टुडिओ कॉम्प्रेसरचा, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या यंत्राचा, क्लोन घरी बांधणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "मीटरचा काटा अगदी शून्यावर आहे, पण कॉम्प्रेशन नीट लागत नाही. काय चुकलं?" जवळजवळ प्रत्येक वेळी एकच गोष्ट निघते. मीटर-झीरोचा ट्रिमर (यंत्राच्या आतली, एकदाच लावून ठेवायची छोटी मूठ) फिरवून काटा जागेवर आणलेला असतो आणि क्यू-बायसला, म्हणजे आवाज दाबणाऱ्या भागाचं मूळ व्होल्टेज ठरवणाऱ्या ट्रिमरला, कुणी हातच लावलेला नसतो. काही वेळा तर क्यू-बायस फिरवूनच काटा शून्यावर ओढलेला असतो, आणि मग ऑडिओही बिघडतो. हे दोन ट्रिमर एकच काम करतात हा समज मोडला पाहिजे.

बाकीचे गोंधळ किरकोळ आहेत, ते उरकून घेऊ. या यंत्राला थ्रेशोल्डची, म्हणजे कुठल्या पातळीपासून दाबायचं ते ठरवणारी, मूठ नाही. थ्रेशोल्ड आतच ठरलेला आहे, तुम्ही इनपुट वाढवून सिग्नल त्याच्यावर नेता. अटॅक (आवाज दाबायला लागणारा वेळ) आणि रिलीज (सोडायला लागणारा वेळ) यांच्या मुठी उजवीकडे फिरवल्या की वेग वाढतो. अटॅक 20 ते 800 मायक्रोसेकंद, रिलीज 50 मिलिसेकंद ते 1.1 सेकंद. रेशोची, म्हणजे किती दाबायचं ते ठरवणारी, चारही बटणं एकदम दाबायची करामत रेकॉर्डिंगच्या वेळी करा, कॅलिब्रेशनच्या वेळी नको.

आता मुख्य मुद्दा. बिल पटनम यांच्या या रचनेत आवाज दाबायचं काम एक जेफेट (गेट या पायावरच्या व्होल्टेजने उघडझाप होणारा ट्रान्झिस्टर, थोडक्यात फेट) करतो. इनपुटकडून एक रोधक येतो आणि त्याच्यापुढे हा फेट सिग्नल आणि ग्राउंडच्या मध्ये बसलेला असतो. गेटवर पुरेसं उणे व्होल्टेज असेल तर फेट बंद राहतो आणि सिग्नल पूर्ण पुढे जातो. साइडचेनने, म्हणजे सिग्नलची पातळी पाहून कंट्रोल व्होल्टेज तयार करणाऱ्या सर्किटने, ते व्होल्टेज शून्याकडे ढकललं की फेट उघडतो, सिग्नलचा काही भाग ग्राउंडकडे वळतो आणि पातळी उतरते. क्यू-बायस म्हणजे साइडचेन शांत असताना या गेटवर असलेलं व्होल्टेज. फेट उघडण्याच्या अगदी उंबरठ्यावर उभा असावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा आहे.

तो उंबरठ्याच्या फार मागे असेल तर साइडचेनचं सुरुवातीचं व्होल्टेज फेटला जागं करण्यातच खर्च होतं. ड्रमचा ठोका तसाच निसटून जातो आणि थ्रेशोल्ड वर सरकल्यासारखा वाटतो. फार पुढे असेल तर फेट कायमच अर्धवट उघडा राहतो. कॉम्प्रेशन नसतानाही पातळी पडलेली असते, ती भरून काढायला आउटपुट वाढवावा लागतो, त्याबरोबर सळसळही वाढते. दोन्ही दोष ऐकू येतात आणि दोन्ही वेळा काटा मात्र छान शून्यावर बसवता येतो.

तो बसवता येतो, कारण जीआर मोडमध्ये (गेन रिडक्शन, म्हणजे आवाज किती दाबला ते दाखवताना) मीटर तुमचा ऑडिओ मोजतच नाही. मीटरच्या सर्किटमध्ये दुसरा एक फेट आहे, ऑडिओवाल्या फेटचा जुळा भाऊ. त्याच्या गेटवर तेच कंट्रोल व्होल्टेज जातं आणि तो जितका उघडतो तितका काटा डावीकडे जातो. म्हणजे काटा दाखवतो तो अंदाज आहे. दोन फेट सारखे असतील आणि ट्रिमर नीट लावले असतील, तरच तो अंदाज खरा. मीटर-झीरोचा ट्रिमर या जुळ्या भावाच्या बाजूचा आहे. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, आउटपुटला जोडलेल्या व्होल्टमीटरवर काही फरक पडणार नाही. ही चाचणी प्रत्येकाने एकदा करून पाहावी, त्याने निम्मा गोंधळ जातो.

क्यू-बायस मात्र कंट्रोलच्या तारेवर असल्यामुळे दोन्ही फेटना लागतो. म्हणून तो हलवला की काटाही हलतो, आणि लोकांना वाटतं की हाच शून्याचा ट्रिमर. क्रमही यातूनच ठरतो: आधी क्यू-बायस, मग झीरो, मग ट्रॅकिंग (काटा खऱ्या कॉम्प्रेशनइतकाच हलवणारा ट्रिमर), आणि शेवटी पुन्हा एकदा झीरो. उलट क्रमाने केलेलं सगळं पुसलं जातं.

क्यू-बायस असा लावा. यंत्र अर्धा तास चालू ठेवून तापू द्या. 1 किलोहर्ट्‌झची साइन वेव्ह द्या, इनपुट कमी आणि आउटपुट जास्त ठेवा. साइडचेनला सिग्नल आउटपुटच्या मुठीच्या आधी मिळतो, त्यामुळे इनपुट हलका असला की ती झोपून राहते आणि आउटपुटवर मोजण्याजोगी पातळी मिळते. ट्रिमर ज्या टोकाला आउटपुट सर्वांत जास्त असेल तिथे न्या. तिथे फेट पूर्ण बंद आहे. आउटपुट मुठीने 1.23 व्होल्टवर आणा, म्हणजे +4 डीबीयू. आता ट्रिमर हळूहळू दुसरीकडे फिरवा. बराच वेळ काहीच होत नाही, मग आकडा घसरू लागतो. 1.09 व्होल्टला थांबा. 1 डीबी पडला, फेट उंबरठ्यावर आला. या सगळ्यात मीटरच्या जीआर मोडकडे बघायचंच नाही.

यासाठी बहुफेरी ट्रिमरच वापरा. एका फेऱ्याच्या स्वस्त ट्रिमरवर ही जागा केसाएवढी असते आणि झाकण लावतानाच्या धक्क्याने सरकते. पैसे वाचवायची ही जागा नव्हे. आणि मल्टीमीटर 1 किलोहर्ट्‌झला खरं बोलतो का ते आधी तपासा. काही साधे मीटर 400 हर्ट्‌झच्या वर भरवशाचे राहत नाहीत. तसं असेल तर टोन 400 हर्ट्‌झचा घ्या. गाणं लावून "कानाने" क्यू-बायस लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो सरळ चुकीचा आहे. 1 डीबीचा फरक हलत्या संगीतात कुणाच्याही कानाला नेमका कळत नाही.

झीरो सोपा: कॉम्प्रेशन नसताना जीआर मोडमध्ये काटा शून्यावर आणा. ट्रॅकिंगसाठी अटॅकची मूठ डावीकडे टक् होईपर्यंत फिरवा, म्हणजे कॉम्प्रेशन बंद. आउटपुट मोजा. मग मूठ परत उघडून पुन्हा मोजा. दोन आकड्यांचं गुणोत्तर 3.16 येईपर्यंत इनपुट बदलत राहा, उदाहरणार्थ 3.88 व्होल्टचे 1.23 झाले की खरं 10 डीबी कॉम्प्रेशन आहे. आता, आणि आताच, ट्रॅकिंगचा ट्रिमर फिरवून काटा 10 वर आणा.

10 ला बरोबर, पण 3 ला चुकतोय? मग फेट जुळलेले नाहीत, ट्रिमर कितीही फिरवून उपयोग नाही. इथे वापरल्या जाणाऱ्या 2एन5457 या जेफेटचं पिंच-ऑफ व्होल्टेज (ज्याला फेट पूर्ण बंद होतो ते) डेटाशीटनुसार -0.5 ते -6 व्होल्ट असं कुठेही असू शकतं, त्यामुळे पाकिटातले कुठलेही दोन उचलून लावणं म्हणजे निव्वळ नशीब. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत घेणार असाल तर वीसेक घ्या आणि घरी मोजा. 9 व्होल्टची बॅटरी, धन टोक ड्रेनला, ऋण टोक गेटला, आणि डिजिटल मल्टीमीटर सोर्स आणि गेटच्या मध्ये. जो आकडा दिसेल तो जवळपास पिंच-ऑफ. बोटांच्या उबेने आकडा सरकतो, म्हणून फेट ब्रेडबोर्डवर खोचून हात काढा, स्थिर झाल्यावरच लिहून घ्या. एकाही नगाचा आकडा या मर्यादेत येत नसेल तर माल नकली आहे असं समजा.

बिघाड शोधतानाही हाच फरक कामाला येतो. व्होल्टमीटरवर आउटपुट दबतोय पण काटा ढिम्म, तर दोष मीटरच्या बाजूला आहे, ऑडिओच्या पाट्यावर सोल्डरिंग आयर्न नेऊ नका. काटा मस्त डोलतोय पण आउटपुट दबत नाही, तर साइडचेन ठीक आहे आणि ऑडिओचा फेट किंवा त्याचा सांधा तपासा. 2एन5457 मध्ये ड्रेन-सोर्स उलटे लागले तरी चालतं, गेट चुकला की काहीच चालत नाही. दोन्ही गप्प असतील तरच साइडचेनकडे वळा, आणि त्याआधी पॉवर सप्लायची व्होल्टेज मोजा.

पुढे कधी उन्हाळ्यात काटा शून्यापासून थोडा हललेला दिसला तर झीरोचा ट्रिमर तेवढा फिरवा. क्यू-बायसला टोन आणि व्होल्टमीटर जोडल्याशिवाय हात लावू नका.