निपल शील्ड सोडवणे (कोकण)

निपल शील्ड म्हणजे अंगावर पाजताना आईच्या स्तनाग्रावर बसवायचे पातळ सिलिकॉनचे आवरण. याच्या टोकाला छिद्रे असतात आणि ते साधारण १६ ते २४ मिलिमीटर मापांत मिळते. स्तनाग्रे सपाट किंवा आत वळलेली असतील, त्यांना चिरा पडल्या असतील, किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला नीट ओढता येत नसेल, तेव्हा ते वापरतात. युरोपात पूर्वी चांदीची, लाकडाची, अगदी शिशाचीही आवरणे होती आणि शिशाच्या आवरणांतून बाळांना विषबाधा होई. या आवरणाविना बाळाने थेट स्तन धरावा, यासाठीची सवय म्हणजे शील्ड सोडवणे.

कोकणात बाळंतीण बहुधा माहेरी असते. शेकशेगडी, अळिवाची खीर, नाचणीची पेज आणि हाताशी आई किंवा काकी असा तो काळ शील्ड सोडवायला फार सोयीचा. सासरी किंवा मुंबईला परतल्यावर एवढी उसंत मिळत नाही. मात्र सव्वा महिन्याच्या आत सुटलेच पाहिजे, असा हट्ट धरू नये. काही बाळे दोन दिवसांत सोडतात, काहींना महिने लागतात. अपुऱ्या दिवसांची बाळे बहुधा वजन आणि ताकद वाढल्यावरच सोडतात.

बाळ भुकेने रडत असताना शील्ड काढून पाहणे हा सर्वांत वाईट मुहूर्त. अर्धवट झोपेत, पहाटेच्या गारव्यात, आईच्या उघड्या छातीवर बाळ नुसते पडलेले असताना प्रयत्न करावा. पाजणे शील्ड लावूनच सुरू करावे. पान्हा आला आणि बाळ शांतपणे गिळू लागले, की ते हलकेच काढून लगेच स्तन तोंडात द्यावा. स्तन भरून टणक झाला असेल तर आधी हाताने थोडे दूध काढावे, म्हणजे स्तनाग्राभोवतीचा काळा भाग मऊ होतो आणि बाळाला पकड मिळते. दुधाचा थेंब स्तनाग्रावर दिसू द्यावा. मध मात्र लावू नये. वर्षाच्या आतील बाळाला मधातून बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. बाळाने नाकारले तर पुन्हा शील्ड लावावे आणि त्या वेळेपुरता प्रयत्न थांबवावा. स्तनाशी झटापट झाली तर बाळ स्तनालाच विरोध करू लागते. टोक थोडे थोडे कापून शील्ड आखूड करण्याची रीत रबरी शील्डच्या काळातली आहे. सिलिकॉनच्या कापलेल्या कडा टोचतात, म्हणून ती टाळावी.

किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात घामामुळे शील्ड घसरते आणि त्याखालची त्वचा ओलसर राहून दुखावते. पाजून झाल्यावर स्तन वाऱ्यावर कोरडा होऊ द्यावा आणि शील्ड धुऊन उकळून ठेवावे. आत वळलेल्या स्तनाग्रांसाठी सिरिंजचे टोक कापून ओढ देण्याची स्वस्त पद्धत आहे. १९९३ साली दावणगेरेच्या डॉक्टरांनी तिच्याविषयी लिहिले होते. ती आधी कुणा जाणकाराकडून शिकून घ्यावी.

या काळात खरा धोका वेगळाच असतो. बाळ स्तनाशी रडले, की घरातून ‘दूध पुरत नाही गो’ असे कानी येते आणि डब्याचे दूध सुरू होते. बाळ शील्डसाठी रडत असते. त्यावरून दूध आटले असे ठरवता येत नाही. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवसाला किमान सहा लंगोट भिजत असतील आणि वजन साधारण २० ते ३० ग्रॅमने रोज वाढत असेल, तर दूध पुरते आहे. दवाखान्यात प्रसूती झाल्यास आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांना वजन पाहायला सांगावे. पाजणे अर्धवट राहत असेल तर दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने (चोचीच्या छोट्या भांड्याने) द्यावे. बाटली लावली तर बाळाची सवय आणखी बिघडू शकते.

लंगोट कमी भिजत असतील, वजन थांबले असेल, आईच्या स्तनात दुखरी लाल गाठ येऊन ताप आला असेल, किंवा बाळाची जीभ खाली बांधल्यासारखी वाटत असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जावे. एरवी वजन वाढत असेल तर स्तनपान बंद होईपर्यंत शील्ड राहिले तरी चालते.