१७२ मिनिटांतली ५२ मिनिटं

मरीन लाइन्सच्या लिबर्टी टॉकीजमध्ये २५ ऑक्टोबर १९५७ रोजी 'मदर इंडिया' लागला, तेव्हा त्याची लांबी १७२ मिनिटं होती. ऑस्करच्या परदेशी भाषा विभागासाठी अमेरिकेला गेलेली प्रत १२० मिनिटांची होती. कात्री नुसती प्रसंगांवर चालली नव्हती. मेहबूब प्रॉडक्शन्सचं विळा-हातोड्याचं बोधचिन्हही गेलं होतं. शीतयुद्धाच्या दिवसांत ते हॉलिवूडला पचलं नसतं. नामांकन मिळालं, पुरस्कार एका मताने हुकला असं सांगतात. पुढे अमेरिका-ब्रिटनमध्ये फिरली ती हीच छोटी आवृत्ती.

पाश्चात्त्य प्रेक्षकाला हिंदी चित्रपट का झेपत नाही, याची चर्चा सुरू झाली की गाणी, रडारड आणि तीन तासांची लांबी हे मुद्दे ठरलेले. त्याच्या हाती प्रत कोणती पडली होती, हे कुणी विचारत नाही. खरी गोम तिथे आहे.

मूकपटांच्या काळात ही अडचण नव्हती. दादासाहेब फाळके १९१४ मध्ये आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले, तेव्हा भाषेचा प्रश्न प्रसंगांमध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांपुरताच होता. इथली पाटी काढायची, तिथली घालायची. हिमांशु रॉय आणि म्युनिकचे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांनी १९२५ च्या 'प्रेम संन्यास'पासून भारतात चित्रीकरण करून युरोपात दाखवण्याचा घाटच घातला. त्यांच्या 'शिराझ' (१९२८) आणि 'प्रपंच पाश' (१९२९) या चित्रपटांच्या जीर्णोद्धार केलेल्या प्रती आजही तिकडे संगीताच्या साथीने दाखवतात. भाषेची भिंत उभी राहिली ती १४ मार्च १९३१ ला, गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' बोलू लागला तेव्हा.

पुढे रॉय यांनी १९३४ मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज काढली. ऑस्टेन आणि छायालेखक जोसेफ विर्शिंग तिथे कामाला होते. दुसरं महायुद्ध पेटल्यावर ब्रिटिश सरकारने इथल्या जर्मनांना अटकेत टाकलं आणि ही देवाणघेवाण तुटली. विर्शिंग मात्र नंतर पुन्हा कॅमेऱ्यामागे उभे राहिले. १९४९ च्या 'महल'मधला तो काळोख आणि झुलत्या सावल्या त्यांच्याच. जर्मन मूकपट पाहिलेल्या परदेशी प्रेक्षकाला 'महल' लगेच ओळखीचा वाटतो, त्याचं कारण हे.

महोत्सवांची वाट वेगळी होती. प्रभातचा मराठी 'संत तुकाराम' १९३७ मध्ये व्हेनिसला गाजला. चेतन आनंद यांच्या 'नीचा नगर'ला १९४६ च्या पहिल्या कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्काराचा वाटा मिळाला. शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'ने १९५८ मध्ये बर्लिनला रौप्य अस्वल पटकावलं. मेहबूब खानांचा 'आन' १९५२ मध्ये लंडनला पोहोचला होता. तो १६ मिमी फिल्मवर चित्रित करून टेक्निकलर प्रतींसाठी मोठा केला होता. पण १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आणि पुढच्या वर्षी कानला 'पथेर पांचाली' दाखवला गेला, आणि भारतीय चित्रपट म्हणजे सत्यजित राय हे समीकरण तिकडच्या समीक्षकांच्या डोक्यात पक्कं बसलं. राय थोरच. पण त्या मापाने मोजल्यावर गाणारा-नाचणारा हिंदी चित्रपट पुढची चार दशकं 'बाजारू' या एका शब्दात निकालात निघाला.

तो परदेशात जिवंत ठेवला आपल्याच लोकांनी. लंडनच्या साउथहॉल भागातलं डोमिनियन थिएटर तिथल्या भारतीय कामगारांच्या संघटनेने विकत घेतलं. शनिवार-रविवारचे खेळ तिथे चालत. त्या प्रेक्षकाला उपशीर्षकांची गरज नव्हती, गाण्यांना तर नाहीच. ती त्याला पाठ होती. ही सवय पुढे व्हिडिओ कॅसेटवर आणि तिथून डीव्हीडीवर गेली. संवादांना इंग्रजी ओळी, आणि गाणं सुरू झालं की पडद्याचा तळ कोरा. 'गाण्यांमुळे कथा थांबते' ही परदेशी तक्रार बऱ्याच अंशी या कोऱ्या तळातून आली आहे. ज्या कडव्यात नायिका होकार देते, तेच वाचायला मिळालं नाही तर कथा थांबलेलीच दिसणार.

कॅसेटने आणखी एक घोळ घातला. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, युरोपातला पाल पद्धतीचा टीव्ही २५ चौकटींनी. सोपा उपाय म्हणून फिल्म तेवढी जलद पळवत. त्यामुळे १८० मिनिटांचा चित्रपट एकही प्रसंग न कापता सुमारे १७३ मिनिटांत संपतो. आणि सूर चढतो. सा ते कोमल रे या अंतराच्या साधारण ७० टक्के. लताबाईंचा आवाज मुळात उंच, तो अशा प्रतीत आणखी टोकदार होतो. 'हिंदी गायिकांचे आवाज किनरे' हा शेरा मारणाऱ्या पाश्चात्त्यांपैकी किती जणांनी मूळ वेगाची प्रत ऐकली असेल, कोण जाणे.

म्हणून लांबी कमी दिसली की आधी हिशोब करावा, मग कात्रीला शिव्या द्याव्यात. जुन्या चित्रपटांच्या सुरुवातीला येणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर लांबी मीटरमध्ये असते. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट किंवा २७.४ मीटर. आकड्याला २७.४ ने भागलं की मिनिटं मिळतात. ४,९०० मीटर म्हणजे १७९ मिनिटं. हातातली प्रत १७२ मिनिटांची निघाली तर ती पाल वेगाची असण्याची शक्यता मोठी. १५० ची निघाली तर गाणी गेली. विनोदी उपकथानक आणि दुसऱ्या भागातलं एखादं गाणं, कात्री आधी इथेच लागते.

ब्रिटनमध्ये चित्र पालटायला सुरुवात केली ती टीव्हीने. नसरीन मुन्नी कबीर यांनी १९८० च्या दशकात चॅनल फोरसाठी हिंदी चित्रपटांवरची 'मूव्ही महल' ही मालिका केली. पुढे त्यांनी अनेक हिंदी चित्रपटांची उपशीर्षकंही लिहिली. चित्रपटगृहांचा टप्पा नंतरचा. 'दिल से' १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये कमाईच्या पहिल्या दहांत गेला. मायदेशी त्याला थंड प्रतिसाद होता, हा त्यातला विनोद. २००१ मध्ये 'लगान'ने स्वित्झर्लंडच्या लोकार्नो महोत्सवात प्रेक्षक पुरस्कार घेतला आणि पुढच्या वर्षी ऑस्करचं नामांकन मिळवलं, तेही २२४ मिनिटांची लांबी घेऊन. ५२ मिनिटं कापायची वेळ या खेपेला आली नाही. त्याच वर्षी संजय लीला भन्साळींचा 'देवदास' कानला दाखवला गेला. जर्मनीत २००४ मध्ये आरटीएल टू वाहिनीने 'कभी खुशी कभी गम' जर्मनमध्ये डब करून दाखवला. संवाद जर्मन, गाणी हिंदीच ठेवून खाली ओळी. डबिंगला नाकं मुरडणाऱ्यांनीही हे मान्य करावं, की गाण्याला हात न लावण्याचा निर्णय शहाणपणाचा होता.

काहींना आख्खा चित्रपट भेटलाच नाही, एक गाणं भेटलं. राजा नवाथे यांच्या 'गुमनाम'मधलं (१९६५) क्लबातलं मुखवट्यांचं नाचगाणं २००१ मध्ये 'घोस्ट वर्ल्ड' या अमेरिकी चित्रपटाच्या सुरुवातीला वापरलं गेलं. मोहम्मद रफींचा आवाज आणि लक्ष्मी छाया यांचा नाच ज्यांना तिथे पहिल्यांदा दिसला, ते मग मूळ चित्रपट शोधत निघाले. तो निघाला खुनांचं रहस्य! त्या नाचाचा पुढच्या कथेशी फारसा संबंध नाही, हे कळल्यावर कित्येकांचा हिरमोड होतो. मग सुरुवात म्हणून 'गुमनाम'ऐवजी गीत आणि कथा एकमेकांत गुंतलेला चित्रपट द्यावा. 'लगान' त्यासाठी उत्तम. क्रिकेट न कळणाऱ्याला तिथे गावकऱ्यांबरोबरच नियम शिकवले जातात.

पार्श्वगायन हे आणखी एक अडखळण्याचं ठिकाण. ओठ एकाचे, गळा दुसऱ्याचा, ही तिकडच्या प्रेक्षकाला फसवणूक वाटते, कारण हॉलिवूडमध्ये उसना आवाज लपवायची रीत होती. आपल्याकडेही आरंभी लपवला जायचा. 'महल'च्या तबकडीवर गायिकेच्या जागी पात्राचं, कामिनीचं नाव छापलं होतं. रेडिओवर विचारणा सुरू झाल्यावर लता मंगेशकर हे नाव श्रोत्यांना कळलं. त्यानंतर गळा हाच स्वतंत्र नट झाला. पाहुण्याला आधी एवढं सांगितलं तर तो ओठ पाहणं सोडून गाणं ऐकू लागतो.

उपशीर्षकं आली म्हणून सगळं सुटलं असंही नाही. पडद्यावर एका वेळी दोन ओळी, ओळीत साधारण ४० अक्षरं. त्यात इश्क, मोहब्बत आणि प्यार तिन्हींना इंग्रजीत एकच शब्द उरतो. नायक 'आप'वरून 'तुम'वर येतो तो क्षण तर साफ गळतो. आपल्याला तुम्ही-तूमधलं अंतर समजावून सांगावं लागत नाही, इंग्रजी वाचणाऱ्याला ते दिसतच नाही. मुंबईची टपोरी हिंदी आली की पंचाईत वाढते. 'वाट लगा दी'मधली मराठी वाट, खोली, झकास, बिनधास्त. या शब्दांवरून पात्र कुठल्या गल्लीतलं आहे ते आपण ओळखतो, परदेशी माणसाला फक्त अर्थ मिळतो. शेजारी बसून चित्रपट दाखवणाऱ्याने सगळं भाषांतर करत बसू नये, एवढ्याच जागा सांगाव्यात.

गंमत अशी की लंडनमध्ये हिंदी चित्रपट इंग्रजी ओळींसह लागतो आणि मुंबईत बहुतेक पडद्यांवर ओळींविना. मराठा मंदिरला 'दिलवाले दुल्हनिया' पाहायला जाणारे परदेशी पर्यटक म्हणूनच चित्रपटाहून प्रेक्षकांकडे जास्त पाहतात. १९९५ पासून चाललेल्या चित्रपटाला ते शोभूनही दिसतं. घरी दाखवताना मध्यंतर गाळू नये. हिंदी चित्रपट दोन भागांत लिहिलेला असतो, मधल्या वळणानंतर दहा-पंधरा मिनिटं श्वास घ्यायची जागा ठेवलेली असते. ती न देता सलग तीन तास बसवलं की पाहुणा दुसऱ्या भागात चुळबुळतो आणि दोष लांबीला देतो. 'मुगल-ए-आझम' निवडताना कृष्णधवल प्रत घ्यावी. २००४ ची रंगवलेली आवृत्ती लांबीनेही कमी आहे, आणि काळ्या-पांढऱ्यातून शीशमहालात एकदम रंग उसळतो तो धक्का तीत उरत नाही.

स्ट्रीमिंगमुळे नवा गोंधळ आला. २०२२ मध्ये 'आरआरआर' नेटफ्लिक्सवर पाहून जगभर वाहवा झाली; ती हिंदीत डब केलेली आवृत्ती होती. चित्रपट तेलुगू. बऱ्याच जणांनी त्याला बॉलिवूड म्हणून टाकलं आणि हैदराबादकर चिडले ते रास्तच.

प्रतींच्या या इतिहासात 'शोले'ची कथा उलट दिशेने जाते. आणीबाणीत सेन्सॉरने शेवट बदलायला लावला. ठाकूरने गब्बरला मारलेलं चाललं नाही, पोलीस मध्ये आणावे लागले. १९७५ मध्ये मिनर्व्हाला लागलेला आणि पुढे पाच वर्षं मुंबईने पाहिलेला 'शोले' हा बदललेला. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जीर्णोद्धार हाती घेतला तेव्हा मूळ शेवट सापडला तो ब्रिटनमधल्या एका गोदामात ठेवलेल्या फिल्ममध्ये. जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या चौकात, उघड्यावर, तो अखंड 'शोले' दाखवला गेला.