रिकामे सेल भरणे

स्प्रेडशीटमधील ज्या सेलांत काहीही नोंदलेले नाही, त्यांत शेजारच्या सेलवरून, सूत्राने किंवा अनुमानाने मूल्य घालण्याची क्रिया. कार्यालयीन वापरात या नावाने बहुधा एकच काम अभिप्रेत असते : वरच्या भरलेल्या सेलमधील मजकूर खालच्या रिकाम्या सेलांत उतरवणे. सॉर्ट, फिल्टर व पिव्हट टेबल (गटवार गोषवारा काढणारा तक्ता) या सोयी प्रत्येक ओळ स्वयंपूर्ण आहे असे धरून चालतात. गटाचे नाव फक्त पहिल्या ओळीत असलेला तक्ता एकदा सॉर्ट झाला की उरलेल्या ओळी कोणत्या गटातल्या, हे त्या तक्त्यावरून सांगता येत नाही.

अशा विरळ तक्त्यांचा उगम दोन ठिकाणी दाखवता येतो. पहिला कागदी नोंदवहीत. ‘वरीलप्रमाणे’ अशा अर्थाची खूण करून पुनरुक्ती टाळण्याची रीत फार जुनी असून मेसोपोटेमियातील मातीच्या पाट्यांवरील याद्यांतही तशी चिन्हे आढळतात. तथापि नोंदवहीत खूण तरी असते. निव्वळ मोकळी जागा सोडण्याची सवय संगणकाने छापलेल्या अहवालांतून आली, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. कोबोल या संगणकभाषेच्या रिपोर्ट रायटर या अहवाल छापण्याच्या भागात (साधारण १९६० चे दशक) ‘ग्रुप इंडिकेट’ असा निर्देश देता येई. त्यामुळे गटाचे नाव गट बदलल्यावर एकदाच छापले जाई. मात्र नवे पान सुरू झाले की ते पुन्हा येई, म्हणजे वाचणाऱ्याला मागचे पान उलटावे लागत नसे. हाच साचा पुढे पाने नसलेल्या स्प्रेडशीटमध्ये आला तेव्हा ही दुसरी सोय गळाली. मर्ज केलेले, म्हणजे एकत्र जोडून एक केलेले, सेल हे याच प्रकारातले : मर्ज सोडवल्यावर मूल्य फक्त वरच्या डाव्या सेलमध्ये राहते, बाकीचे रिकामे होतात.

एकाच सूत्राची नक्कल अनेक सेलांत करण्याची आज्ञा व्हिजिकॅल्क (१९७९) या डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांच्या स्प्रेडशीट प्रोग्राममध्ये होती. माउसने खाली ओढून भरण्याची ऑटोफिल ही सोय एक्सेलच्या चौथ्या आवृत्तीत (१९९२) आली. या दोन्हींत वाटेतले भरलेले सेलही पुसले जातात, म्हणून केवळ रिकामे सेल निवडणे ही वेगळी पायरी ठरते. एक्सेलमध्ये एफ५ दाबून ‘स्पेशल’मधून ‘ब्लँक्स’ निवडतात, बरोबरचे चिन्ह टाइप करून वरचा बाण दाबतात आणि कंट्रोल-एंटरने तेच सूत्र सगळीकडे बसवतात. संदर्भ सापेक्ष असल्याने प्रत्येक सेल आपल्या लगतच्या वरच्या सेलकडे बघतो, तो त्याच्या वरच्याकडे, आणि अशी साखळी गटाच्या नावापर्यंत पोहोचते. नंतर पेस्ट स्पेशलने सूत्रांची मूल्ये करून घ्यावी लागतात. ती न केल्यास पहिल्याच सॉर्टला साखळी विस्कटते. एक्सेल २००७ पर्यंत मॅक्रोतून (आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या मालिकेतून) हीच निवड करताना रिकाम्या जागांचे ८,१९२ हून अधिक सुटे तुकडे असले, तर कोणतीही सूचना न येता संपूर्ण पट्टाच निवडला जाई व मूळ माहिती पुसली जाई. २०१० च्या आवृत्तीत ही मर्यादा गेली.

सेल रिकामा कधी म्हणायचा, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. सूत्राने दिलेला शून्य लांबीचा मजकूर डोळ्यांना रिकामाच दिसतो. इज-ब्लँक हे फंक्शन त्या सेलला रिकामा मानत नाही, काउंट-ब्लँक मानते, आणि काउंट-ए त्याला भरलेल्यांत मोजते. दहा सेलांपैकी चारांत आकडे, तिनांत असा मजकूर आणि तीन खरोखर रिकामे असतील, तर काउंट-ए ७ सांगते, काउंट-ब्लँक ६, बेरीज १३. सूत्रांची मूल्ये करून घेतलेल्या कॉलममध्ये ‘ब्लँक्स’ची निवड निष्फळ ठरते ती यामुळेच. पॉवर क्वेरी या एक्सेलमधील माहिती साफ करण्याच्या साधनातील ‘फिल डाउन’देखील फक्त नल (मूल्यच नाही अशी खूण) असलेल्या जागा भरते, रिकामा मजकूर आधी नलमध्ये बदलावा लागतो.

शून्याची गोष्ट वेगळी. रिकाम्या सेलचा नुसता संदर्भ दिला तर एक्सेल ० दाखवते, पण सरासरी काढताना तोच सेल वगळते. १०, रिकामा, २० यांची सरासरी १५. रिकाम्या जागी ० भरल्यास १०.

रिकाम्या जागेचा अर्थ काय, हा वाद डेटाबेसच्या अभ्यासात अधिक काटेकोरपणे लढला गेला आहे. रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणारे एडगर कॉड यांनी ‘माहिती आहे पण हाती नाही’ आणि ‘माहिती लागूच नाही’ असे दोन प्रकार वेगळे केले. याच विषयाचे लेखक क्रिस डेट यांचा नल या कल्पनेलाच विरोध होता. स्प्रेडशीटपुरते पाहता कॉड यांचा भेद उपयोगी वाटतो, परंतु सेलमध्ये तो नोंदवण्याची सोय नसते.

संख्याशास्त्रात गहाळ मूल्य अनुमानाने भरण्याचे शास्त्र स्वतंत्रपणे वाढले. डोनल्ड रूबिन यांनी १९७६ मध्ये मूल्य कोणत्या कारणाने गहाळ झाले यावरून वर्गीकरण मांडले. शेवटचे ज्ञात मूल्य पुढे ओढण्याची पद्धत दिसायला ‘फिल डाउन’च आहे, औषधचाचण्यांत ती सरसकट वापरू नये, असे अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या २०१० च्या अहवालात म्हटले आहे. ‘हॉट डेक’ पद्धतीत तशाच दुसऱ्या नोंदीतले मूल्य उसने घेतात. अमेरिकेच्या २००० च्या जनगणनेत अशा अनुमानामुळे लोकसंख्या सुमारे १२ लाखांनी वाढली आणि प्रतिनिधिगृहातील एक जागा यूटा राज्याऐवजी नॉर्थ कॅरोलायनाकडे गेली. यूटाने दावा लावला. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत वैध ठरवली.

गूगल शीट्समध्ये एक्सेलसारखी ‘ब्लँक्स’ची निवड नाही; २०२२ पासून स्कॅन व लॅम्डा या फंक्शनांनी हे काम शेजारच्या कॉलममध्ये करता येते.