यम-नियम

यम-नियम : पातंजल योगातील आचरणाची तत्त्वे. पतंजलींच्या योगसूत्रांच्या दुसऱ्या भागात, म्हणजे साधनपादात योगाची आठ अंगे सांगितली आहेत, त्यांपैकी ही पहिली दोन. आसन आणि प्राणायाम ही अंगे या दोहोंच्या नंतर येतात. आज ‘योग’ म्हटले की आसनेच आठवतात, म्हणून हा क्रम मुद्दाम सांगावा लागतो. अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणे), ब्रह्मचर्य व अपरिग्रह (संग्रह न करणे) हे पाच यम. शौच (शुद्धता), संतोष, तप, स्वाध्याय व ईश्वरप्रणिधान (ईश्वराला समर्पण) हे पाच नियम. जैनांची पाच महाव्रतेही याच पाच यमांच्या नावांची आहेत.

जाती, देश, काल आणि प्रसंग यांची सवलत न घेता पाळलेल्या यमांना पतंजली ‘महाव्रत’ म्हणतात (२.३१, म्हणजे दुसऱ्या पादातील ३१वे सूत्र). योगसूत्रांवरील व्यासभाष्य या टीकेत याचा उलगडा कोळ्याच्या उदाहरणाने केला आहे : मासे सोडून इतर जीव मारणार नाही, तीर्थावर मारणार नाही, चतुर्दशीला मारणार नाही, अशी त्याची अहिंसा अटींनी बांधलेली असते. रोजच्या व्यवहारात बहुतेकांची नीती अशीच, घरी एक आणि कामाच्या ठिकाणी दुसरी असते.

सर्वांत मोलाचे सूत्र २.३४ आहे. हिंसा, असत्य इत्यादी दोष तीन प्रकारे घडतात : स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि अनुमोदन दिलेले. त्यांच्या मुळाशी लोभ, क्रोध किंवा मोह असतो; तीव्रताही कमी-अधिक असते. भाष्यकार या भेदांचे पोटभेद करत हिंसेचे ८१ प्रकार मोजतात. खोटा हिशेब लिहिणारा, तो लिहायला लावणारा आणि ‘चालायचंच’ म्हणून मान डोलावणारा असे तिघेही या सूत्राच्या कक्षेत येतात. कुणाची बदनामी करणारा मजकूर वाचून खूश होणे आणि तो पुढे पाठवणे हेही अनुमोदनच होय.

सत्याविषयी भाष्याची अपेक्षा कठोर आहे : वाणी फसवी, भ्रामक किंवा ऐकणाऱ्याला काहीच बोध न देणारी नसावी, आणि ती प्राणिमात्रांच्या हिताची असावी. शब्दशः खरे बोलून दिशाभूल करणे या कसोटीवर टिकत नाही. अपरिग्रहामागचे कारण तर अगदी व्यवहारी आहे. वस्तू मिळवण्याचे कष्ट, राखण्याची काळजी, ती नष्ट होण्याचे दुःख, तिची आसक्ती आणि तिच्यापायी होणारी हिंसा हे दोष दिसले की माणूस ती घेतच नाही.

वाईट विचार उसळला तर ‘प्रतिपक्षभावन’ करावे, म्हणजे त्याच्या उलट बाजूचे चिंतन करावे (२.३३). रागाच्या भरात उत्तर लिहायला बसलेल्याने त्या उत्तराचे परिणाम आधी डोळ्यांपुढे आणणे, हा त्याचा साधा प्रयोग.

पहिल्या पादात याला पूरक असे चार भाव येतात : सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता (आनंद) आणि पापी माणसाविषयी उपेक्षा (१.३३). इथली उपेक्षा म्हणजे द्वेष न धरता अलिप्त राहणे. तिच्यात तुच्छता नाही आणि अनुमोदनही नाही.