ओंडक्यांचं घर काडेपेटीसारखं पेटतं?

कोलोरॅडोच्या डोंगरात ओंडक्यांचं घर बांधायचं म्हटलं की ‘एक ठिणगी आणि सगळं खाक’ हे हमखास ऐकवलं जातं. ते खरं नाही. जाड ओंडका बाहेरून कोळसतो आणि तोच कोळशाचा थर आतल्या लाकडाला धग लागू देत नाही. मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या तासात जेमतेम २ सेंटिमीटर लाकूड जळतं. ओंडका २५ सेंटिमीटरचा! तेवढ्या वेळात उघडी पोलादी तुळई वाकू शकते.

घाबरायचंच तर छपराला घाबरा. वणव्यात घरं जातात ती बहुधा उडत्या निखाऱ्यांमुळे: लाकडी फळ्यांचं छप्पर, पन्हळीत साठलेल्या पाइनच्या सुया, डेकखाली, म्हणजे घराला लागून असलेल्या लाकडी ओट्याखाली, (हौसेनं!) रचलेलं सरपण. आराखड्यातच पत्र्याचं छप्पर आणि झरोक्यांना धातूची बारीक जाळी धरा.