नौदल हवाई संग्रहालय, बोगमाळो

गोव्याच्या मुरगाव तालुक्यात, दाबोळी विमानतळालगत, बोगमाळोच्या किनाऱ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावरील भारतीय नौदलाचे संग्रहालय. ऑक्टोबर १९९८ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. नौदलाच्या हवाई शाखेने वापरलेली विमाने व हेलिकॉप्टरे येथे उघड्या आवारात उभी आहेत. शेजारच्या दुमजली इमारतीत इंजिने, शस्त्रे, जहाजांच्या प्रतिकृती आणि छायाचित्रे आहेत. आवार लहान आहे, नुसते फिरून यायचे तर अर्धा तासही पुरतो. मात्र विमानांचा एकेक भाग समजून घेत पाहायचे असेल, तर अडीच-तीन तास हाताशी ठेवावेत.

विक्रांत आणि विराट या विमानवाहू नौकांची जी गत झाली, तिच्यामुळे या संग्रहाचे मोल वाढले आहे. पहिली विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी सेवामुक्त झाली. २००१ पासून काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून ती पाहता येत असे. २०१२ मध्ये ते बंद झाले आणि २०१४ मध्ये मुंबईतल्याच दारूखाना या जहाजतोडणीच्या ठिकाणी ती तोडली गेली. विराट मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाली. सिंधुदुर्गातील निवतीजवळ तिचे संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या योजनेला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये मंजुरीही दिली होती. ती योजना उभी राहिली नाही आणि विराट गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेली. दोन्ही डेक, म्हणजे विमाने उडण्या-उतरण्याचे जहाजांवरचे सपाट माथे गेले, पण त्यांवरून उडालेल्या प्रकारची विमाने बोगमाळोला उभी आहेत. डेकवर काय घडत असे हे प्रत्यक्ष वस्तूंवरून समजून घ्यायला देशात यापेक्षा चांगली जागा नाही.

दाबोळीची धावपट्टी पोर्तुगीज काळातली. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी तिच्यावर बाँब टाकले. पोर्तुगिजांनी खड्डे बुजवून त्याच रात्री दोन प्रवासी विमाने कराचीकडे निसटवली. त्यांपैकी एक सुपर कॉन्स्टेलेशन होते, आणि त्याच जातीचे विमान आज संग्रहालयात आहे. एप्रिल १९६२ मध्ये विमानतळ नौदलाकडे आला. सप्टेंबर १९६१ मध्ये कोईमतूरजवळ सुलूर येथे सुरू झालेला आयएनएस हंसा हा तळ १९६४ मध्ये येथे हलवण्यात आला.

पाहण्याचा क्रम

विमाने ज्या क्रमाने दिसतील त्या क्रमाने पाहू नयेत, काळाच्या क्रमाने पाहावीत. सुरुवात शॉर्ट सीलँडपासून करावी. पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारे हे दोन इंजिनांचे विमान नौदलाचे पहिले विमान होय. कोचीचा गरुड हा तळ ११ मे १९५३ रोजी सुरू झाला तेव्हा हाताशी हीच विमाने होती. एकूण २५ च्या आसपास सीलँड बांधली गेली, त्यांतली १० भारताने घेतली. जगात आता ती मोजकीच उरली आहेत. होडीसारखा तळ आणि त्यावरची पायरी खाली वाकून पाहावी. ही पायरी नसेल तर वेग वाढला तरी पाणी तळाला चिकटून राहते आणि विमान सुटत नाही.

फेअरी फायरफ्लाय मुळात दुसऱ्या महायुद्धातले लढाऊ विमान. भारताने ते लक्ष्य ओढण्यासाठी घेतले. मागे लांब तारेला कापडी लक्ष्य बांधून ते जहाजांजवळून उडे आणि जहाजांवरचे तोफची त्या लक्ष्यावर नेमबाजीचा सराव करीत. जवळच एचटी-२ हे छोटे प्रशिक्षण विमान आहे, आणि मराठी वाचकाने त्याच्यापाशी अंमळ थांबावे. १९५१ मध्ये उडालेल्या या पहिल्या भारतीय बनावटीच्या प्रशिक्षण विमानाची रचना डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी केली. कोल्हापूर भागातून आलेल्या घाटग्यांनी जर्मनीतील गटिंगेनला वायुगतिकीचे शास्त्रज्ञ प्रांट्ल यांच्या हाताखाली संशोधन केले होते.

संग्रहाचा गाभा म्हणजे सी हॉक हे लढाऊ जेट आणि अलिझे हे पाणबुड्या शोधणारे विमान. सी हॉकांची ३०० क्रमांकाची स्क्वॉड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, जुलै १९६० मध्ये ब्रिटनमध्ये उभी राहिली, अलिझेंची ३१० क्रमांकाची मार्च १९६१ मध्ये फ्रान्समध्ये. दोन्ही विक्रांतसाठी होत्या. या विमानांजवळ तीन गोष्टी शोधाव्यात.

पहिली गोष्ट, पंखांचे सांधे. सी हॉकचे पंख पसरले की रुंदी सुमारे १२ मीटर होते, दुमडले की जेमतेम ४ मीटर. जहाजाच्या पोटातला हँगर आणि लिफ्ट यांत विमान मावायचे तर हे सांधे हवेतच. पण सांधा म्हणजे जादा वजन आणि कुलूपबंद होणारी खीळ. खीळ नीट बसली नाही तर उड्डाणात पंख दगा देणार, म्हणून ती बसल्याची खात्री केल्याशिवाय विमान पुढे जात नसे.

दुसरी गोष्ट, शेपटीखालचा आकडा, म्हणजे अरेस्टर हुक. दाबोळीची धावपट्टी सुमारे ३,४०० मीटर लांब आहे. विक्रांत संपूर्ण जहाजच २१३ मीटरचे, आणि उतरायला त्यातला तुकडाच मिळे. डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारांपैकी एक आकड्यात अडकली की विमान शंभर मीटरांच्या आत थांबत असे. आकडा उडी मारून तार चुकवू शकतो, त्यामुळे डेकला टेकताना वैमानिक इंजिनाचा जोर कमी न करता वाढवतो. तार चुकली तर पुन्हा हवेत जायला तेवढाच वेळ असतो. आकड्याचे टोक आणि तो शेपटीशी जिथे जोडला आहे ती जागा पाहावी. विमानाचे सारे वजन थांबवणारा धक्का तिथून सांगाड्यात शिरतो, म्हणून नौदलाच्या विमानाची शेपटी आणि चाकांचे पाय जमिनीवरच्या विमानापेक्षा दणकट असतात.

तिसरी गोष्ट, पोटाखालची कॅटापुल्टची आकडी. वाफेवर चालणारा कॅटापुल्ट विमानाला काही सेकंदांत उड्डाणाच्या वेगाला पोचवतो, पण जहाजानेही वाऱ्याला तोंड करून वेगाने धावावे लागते. १९७१ च्या युद्धाआधी विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेले होते आणि वेगावर मर्यादा आली होती. त्यामुळे डेकवर मिळणारा समोरचा वारा कमी झाला आणि विमानांच्या वजनाचा व वाऱ्याचा हिशेब काटेकोर झाला. ४ डिसेंबर १९७१ पासून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील कॉक्स बझार आणि चितगाववर झालेले सी हॉक व अलिझेंचे हल्ले याच हिशेबात बसवलेले होते. ते लक्षात घेतल्यावरच त्या कामगिरीचे मोठेपण कळते.

सी हॉकच्या इंजिनाचा झोत शेपटीतून निघत नाही, पंखांच्या मुळाशी दोन बाजूंना फुटतो. त्यामुळे मागचा भाग इंधनासाठी मोकळा राहिला. अलिझेला पुढे टर्बोप्रॉप इंजिन, तीन जणांचा चमू आणि पोटातून खाली उतरणारा रडारचा घुमट आहे. पाणबुडी शोधताना घुमट बाहेर येई, उतरताना आत जाई. घुमट बाहेरच राहिला तर डेकवर काय होईल, हे विमानाच्या पायांची उंची पाहिली की उमगते.

व्हँपायर टी-५५ हे दोन आसनी प्रशिक्षण जेट. त्याचा मधला भाग प्लायवूड आणि बाल्सा लाकडाच्या थरांचा आहे. धातूचे समजून लोक पुढे सरकतात, म्हणून ही नोंद.

सर्वांत मोठे विमान म्हणजे लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन, नोंदणी आयएन-३१५. पंखांची रुंदी साडेसदतीस मीटरच्या आसपास. एअर इंडियाच्या ताफ्यात ते ‘रानी ऑफ एलोरा’ या नावाने प्रवासी नेत असे, म्हणजे आपल्या वेरुळाचे नाव घेऊन. पुढे ते हवाई दलाकडे आणि १९७६ मध्ये सागरी टेहळणीसाठी नौदलाकडे आले. तीन शेपट्या शोभेच्या नाहीत. एकच उंच शेपटी लावली असती तर त्या काळच्या हँगरांत विमान शिरले नसते. १८ सिलिंडरांच्या प्रत्येक इंजिनाला बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरणाऱ्या तीन टर्बाइन जोडलेल्या होत्या. त्यांनी शक्ती वाढली, तशी देखभालही.

का-२५ हेलिकॉप्टरला शेपटीचा पंखा नाही. एकावर एक, उलट दिशांनी फिरणारे दोन पंखे एकमेकांचा पीळ काढून टाकतात. शेपटी आखूड झाल्याने राजपूत वर्गाच्या विनाशिकांच्या छोट्या हँगरात ते बसले.

सी हॅरियर हे लढाऊ जेट डिसेंबर १९८३ मध्ये दाबोळीला आले आणि ११ मे २०१६ रोजी निवृत्त झाले. त्याच्या शेपटीखाली आकडा शोधून पाहावा. तो नाही. इंजिनाची दोन्ही बाजूंची मिळून चार तोंडे खाली वळवली की ते सरळ उतरते. पुढच्या दोन तोंडांतून थंड हवा येते, मागच्या दोन तोंडांतून जळालेला गरम वायू. तरंगताना पंखांना उचल नसते आणि नेहमीची सुकाणू निरुपयोगी ठरतात. तेव्हा नाक, शेपटी आणि पंखांच्या टोकांवरच्या बारीक छिद्रांतून हवा सोडून तोल सांभाळतात. ही छिद्रे बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. उड्डाणासाठी विक्रांतला आणि विराटला पुढे चढती कमान, म्हणजे स्की-जंप होती. विक्रांतची पावणेदहा अंशांची, विराटची बारा अंशांची. आजच्या विक्रमादित्य आणि नव्या विक्रांत या विमानवाहू नौकांवरची मिग-२९के लढाऊ विमाने स्की-जंपवरून उडतात, पण उतरतात पुन्हा तारेत आकडा अडकवून. सी हॉकपाशी पाहिलेला आकडा त्यामुळे इतिहासजमा समजू नये.

इमारतीतील दालने

आत कापून उघडी दाखवलेली इंजिने, बाँब, पाणतीर, वैमानिकांचा पोशाख, हवाई छत्र्या आणि विक्रांत-विराटच्या प्रतिकृती आहेत. बाहेर आकडा पाहून झाल्यावर विक्रांतच्या प्रतिकृतीवर तारा, कॅटापुल्ट आणि तिरका डेक, म्हणजे उतरण्यासाठी जहाजाच्या लांबीशी तिरपा आखलेला पट्टा, शोधावा. क्रम उलटा केला तर प्रतिकृती नुसते खेळणे वाटते.

जतनातील अडचणी

समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि पावसाळ्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस. खारी हवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याला पांढरी भुकटी आणते. पोलादी खिळा ॲल्युमिनियममध्ये बसला असेल तिथे दोन धातूंच्या संपर्कामुळे गंज आणखी वेगाने धरतो. पोटातली पाणी निचरायची भोके पक्ष्यांच्या घरट्यांनी किंवा पाल्याने बुजली तर विमान आतून कुजते आणि बाहेरून रंग ठाकठीक दिसतो. उन्हाने काचेसारख्या प्लास्टिकच्या छतांवर जाळी पडते, टायर एका जागी दबून तडकतात. लाकडी व्हँपायरला तर ओल सर्वांत घातक. म्हणून पुन्हा पुन्हा रंग द्यावा लागतो, आणि त्यात मूळ खुणांची जाडी, रंगछटा, अक्षरांची ठेवण बदलत जाते. प्रतिकृती बनवणाऱ्यांनी येथील रंग पुरावा म्हणून घेऊ नये, सेवेतील छायाचित्रांशी ताडून पाहावा. मापे आणि आकार मात्र निःशंक घ्यावेत.

भेटीची तयारी

संग्रहालय सोमवारी बंद असते. इतर दिवशी साधारण साडेनऊ ते साडेपाच ही वेळ, पण निघण्याआधी खात्री करावी. प्रवेशमूल्य थोडे आहे, कॅमेऱ्याचे वेगळे पडते, सुटे पैसे जवळ ठेवावेत. वास्को येथून अंतर सुमारे सहा किलोमीटर. मुंबईहून कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी मडगावला उतरून वास्कोकडची बस किंवा टॅक्सी धरावी. बोगमाळोला जाणाऱ्या बस मोजक्या आहेत, परतीची सोय आधी ठरवलेली बरी. जानेवारी २०२३ पासून मोपा येथेही विमानतळ सुरू झाल्याने नेहमीची चूक होते: तिकीट मोपाचे आणि कल्पना ‘विमानतळाशेजारीच’ संग्रहालय असल्याची. मोपा गोव्याच्या उत्तर टोकाला आहे, तिथून येण्यातच दीड-दोन तास जातात.

सकाळी उघडताच बाहेरची विमाने पाहावीत. दुपारी पत्रा तापतो, सावली कमी आणि छायाचित्रांत चकाकी येते. पंखाखालून पोट पाहायला छोटा टॉर्च आणि बसायला-वाकायला सोयीचे कपडे असावेत. विमानांवर चढू नये, हलणारे भाग ओढू नयेत. जुन्या बिजागऱ्या तेवढ्यानेही तुटतात. पावसाळ्यात आधी इमारत, उघडीप मिळाली की आवार. शेजारी चालता नौदल तळ असल्याने कुंपणापलीकडची छायाचित्रे घेण्यास आणि ड्रोन उडवण्यास मनाई आहे. कामाच्या दिवशी सकाळी तळावर नौदलाचा सराव असतो आणि मिग-२९के आवारावरून जाताना दिसू शकते. जवळून गेले तर आवाज कानठळ्या बसवणारा असतो, लहान मुले सोबत असतील तर त्यांचे कान झाकायला इअरमफ ठेवावेत.