रिकाम्या वायूक्षेत्रांत हायड्रोजन: तपासणीचे कागद बेळगावातून कसे मागवायचे

नैसर्गिक वायू काढून रिकाम्या झालेल्या भूगर्भातल्या वायूक्षेत्रांत हायड्रोजन साठवायची कल्पना आहे. तो आपल्या शिवाराखाली भरणार का, ही शंका आधी मिटवू. निपाणी-चिक्कोडीकडे बेसॉल्टचा कातळ, गोकाकच्या धबधब्याला कलादगीचा वालुकाश्म; वायूक्षेत्र आपल्याकडे नाहीच. दाभोळ-बेंगळुरू वाहिनी जिल्ह्यातून जाते, पण तिचं काम वायू वाहून नेण्याचं. वायूक्षेत्रं आहेत खंबात, कृष्णा-गोदावरी, आसामकडे. त्यांचे कागद हवे असतील तर माहिती अधिकार कायदा, 2005 हाताशी आहे.

अर्ज कोणताही भारतीय नागरिक करू शकतो. व्हीटीयूच्या (बेळगावच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या) विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या लेटरहेडवर नव्हे, स्वतःच्या नावाने करावा. कारण सांगावं लागत नाही.

खरी अडचण भाषेची. कायदा इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा मानतो. बेळगावात ती कन्नड. म्हणजे इथून मराठीत लिहिण्याची हौस आवरावी लागते. सीमा ओलांडून महाराष्ट्रातल्या चंदगडातून अर्ज दिला, तर मराठीही कायद्यात बसते!

फी 10 रुपये: पोस्टल ऑर्डर, डीडी किंवा केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर ऑनलाइन. दारिद्र्यरेषेखालील असाल तर फी माफ, पण दाखल्याची प्रत जोडा. अर्ज 500 शब्दांच्या आत ठेवा. पत्ता: पेट्रोलियम मंत्रालयाचे जनमाहिती अधिकारी. कागद दुसऱ्या कार्यालयाकडे असतील तर पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवणं त्यांचं काम.

आता मागायचं काय? "हे सुरक्षित आहे का?" असं विचारलंत तर हाती काही लागणार नाही, मत मागता येत नाही, नोंद मागता येते. नैसर्गिक वायूतला मिथेन कोट्यवधी वर्षं धरून ठेवलेल्या खडकात हायड्रोजन टिकेलच असं नाही. त्याचा रेणू लहान, आणि काही जिवाणू पाण्यातल्या सल्फेटच्या मदतीने तो खाऊन विषारी हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. म्हणून मागा: वायू वर निसटू न देणाऱ्या झाकणखडकाचे चाचणी अहवाल, सुरुवातीचा आणि आताचा दाब, बंद केलेल्या वायूविहिरींतल्या सिमेंटची तपासणी, खडकातल्या पाण्यातल्या सल्फेटचं प्रमाण. दाब टिकवायला कायम आत ठेवायच्या वायूचा हिशेबही मागा; खर्चाची मेख तिथेच असते.

प्रतीला पानामागे 2 रुपये. उत्तराची मुदत 30 दिवस. "व्यापारी गोपनीय" म्हणून नकार आला तर कलम 10 दाखवून गोपनीय भाग वगळून उरलेला मागा. पहिलं अपील 30 दिवसांत, दुसरं 90 दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे. दोन्हींना फी नाही.